उतरण्याची विद्या

माणसाचा कल त्याच्या भाषेत दिसतो असे म्हणतात. तसे असेल तर आम्हा मराठी माणसांचा कल चढण्याकडे आहे हे कबूल करावे लागेल. आम्ही गडावर चढाई करतो, बोहल्यावर चढतो, यशाच्या पायऱ्या चढतो आणि कोणाचे बरे चालले असले म्हणजे त्याची चढती कमान आहे असे म्हणतो. याच्या उलट 'उतरणे' या बिचाऱ्या क्रियापदाच्या वाट्याला काय आले आहे पाहा. चेहरा उतरतो, माणूस मनातून उतरतो, मंत्री पायउतार होतो, घराण्याला उतरती कळा लागते, आणि पन्नाशी उलटली की आमच्यासारख्यांचे उतारवय सुरू होते! पण जरा धीराने शोधले तर याच क्रियापदाचा दुसरा संसारही सापडतो. ताप उतरला म्हणजे घरातली माणसे पुन्हा मोकळेपणाने बोलू लागतात. दारू उतरली म्हणजे माणूस माणसात येतो. लेकराची दृष्ट उतरविल्यावाचून आजीचा जीव खाली पडत नाही. आणि ज्याने उपकाराचे ओझे फेडले तो उतराई झाला असे आपण म्हणतो. जेथे जिवाशी गाठ आहे तेथे भाषेनेही उतरण्यालाच मान दिला आहे.

हा शब्दांचा खेळ मला सुचण्याचे कारण आमच्या भागातले एक जुने व्यायाम मंडळ. सकाळी त्याच्या पटांगणात लहान मुले मल्लखांब करतात, संध्याकाळी मोठी मुले जोर-बैठका काढतात, आणि गुरुपौर्णिमा आली की तेच मंडळ गोपाळकाल्यापर्यंत गोविंदा पथक होते. गेली काही वर्षे मी त्याच्या सल्लागार मंडळावर आहे. मला मल्लखांबावर चढता येत नाही आणि थरात उभे राहण्याचे वय केव्हाच मागे पडले. तेव्हा माझी निवड कोणत्या गुणावर झाली हे मी मुलांना विचारलेले नाही. इंग्रजी शिकविणाऱ्या प्राध्यापकाचे नाव पावतीपुस्तकावर शोभते आणि कचेरीत द्यावयाचे अर्ज तो फुकट लिहून देतो, इतपत माझा उपयोग असावा. तथापि कट्ट्यावर बसून पाहण्याचे काम मी इमानाने केले आहे, आणि पाहणाऱ्याला कधी कधी करणाऱ्यापेक्षा एखादी गोष्ट अधिक स्पष्ट दिसते.

मला दिसलेली गोष्ट अशी. थर लागू लागले की सारे पटांगण श्वास रोखून वर पाहू लागते. तळाशी दणकट खांद्यांचे तरुण, त्यांच्या भोवती आधाराचे कडे, त्यांच्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा, आणि शेवटी अगदी टोकाला एक चिमुकला देह. त्याला मुले 'एक्का' म्हणतात. एक्क्याने हात उंच करून सलामी दिली की ताशा कडाडतो, शिट्ट्या वाजतात, लोक टाळ्या पिटतात आणि एकमेकांकडे वळून बोलू लागतात. पाहणाऱ्यांच्या दृष्टीने खेळ संपला. थरातल्या मुलांच्या दृष्टीने मात्र त्याच क्षणी त्याचा कठीण भाग सुरू झालेला असतो. तळाच्या माणसाच्या खांद्यावर सर्वांत अधिक वेळ ओझे राहिलेले असते. पोटऱ्या थरथरू लागलेल्या असतात, घामाने कातडी निसरडी झालेली असते. वर जाताना प्रत्येक पाऊल डोळ्यांनी पाहून टाकता येते. खाली येताना ते चाचपडत टाकावे लागते. त्यातच ताशाच्या गजरात खालच्याची हाक वरच्याला ऐकू जात नाही. चढताना साऱ्या गावाचे लक्ष, उतरताना कोणाचेच नाही, अशी ही स्थिती आहे. ज्याने सह्याद्रीतला हरिहर पाहिला आहे त्याला हे सांगावयास नको. त्या गडाच्या कड्यात कोरलेल्या पायऱ्या चढताना नाकासमोर दगड असतो. उतरताना पायांखाली दरी दिसते. एव्हरेस्टच्या वाटेवरही शिखर गाठून परतताना ज्यांचा अंत झाला अशांची संख्या थोडी नाही.

मानवी मनोऱ्याचा हा खेळ आमचाच एकट्याचा नाही. स्पेन देशातल्या कॅटलोनिया प्रांतात, वाल्स गावाच्या आसपास, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून असेच मनोरे रचले जातात. २०१० साली युनेस्कोने त्या परंपरेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. तेथेही टोकावर लहान मूल असते आणि तेही हात उंचावून सलामी देते. परंतु तेथे एक नियम आहे, तो वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. मुलाने वर हात केला म्हणजे मनोरा 'चढविला' गेला एवढेच ते लोक मानतात. एकेक थर सुखरूप खाली आला म्हणजेच तो 'उतरविला' गेला आणि पुरा झाला. तारागोना शहरात दर दोन वर्षांनी त्यांची मोठी स्पर्धा भरते. तेथे चढविलेला पण उतरताना कोसळलेला मनोरा कमी गुणांचा धनी होतो. मनोरे रचणारे लोक आपल्या खेळाला लागणारे चार गुण सांगतात: शक्ती, तोल, धैर्य आणि चौथे शहाणपण. २००६ साली मातारो येथे बारा वर्षांची एक मुलगी मनोऱ्यावरून पडून मरण पावली. त्यानंतर टोकावरच्या मुलांच्या डोक्यावर शिरस्त्राण असणे ही तेथे रीतच होऊन गेली. आपले थर आणि त्यांचे थर यांत बळाचा किंवा धिटाईचा फरक मला दिसत नाही. फरक हिशेबाचा आहे. आमचा हिशेब सलामीपाशी संपतो, त्यांचा शेवटच्या माणसाचे पाय जमिनीला लागले म्हणजे संपतो.

आमच्या जुन्या तालमींना ही गोष्ट ठाऊक नव्हती असे मात्र कोणी समजू नये. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या पुन्हा उजेडात आणली असे परंपरा सांगते. त्या खांबाला आजही एरंडेल लावतात, ते कातडीचे घर्षण सोसावे म्हणून. कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती खणून, चाळून, तीत तेल, ताक, हळद मिसळतात. ती मऊ राहावी, पडणाऱ्याला लागू नये आणि कातडीचे रोग पसरू नयेत हा त्यातला हेतू. सुरक्षिततेचे व्याख्यान त्या वस्तादांनी कधी दिले नसेल, पण ती त्यांनी मातीत कालविली होती. आमच्या मंडळाचे वस्ताद याच वळणाचे आहेत. नवे पोर आले की पहिला आठवडा ते त्याला खांबावर फार वर जाऊच देत नाहीत. छातीच्या उंचीवर पकड घ्यावयाची आणि उतरावयाचे, पुन्हा पकड आणि पुन्हा उतरणे. "वस्ताद, मुलं कंटाळतील," असे मी एकदा म्हणालो. "कंटाळू द्या, सर," ते म्हणाले. "ज्याला उतरता येतं त्याला मी वर जाताना ओरडत नाही."

सरकार आणि न्यायालये यांनी या प्रश्नात लक्ष घातलेले नाही असे नाही. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील मुलांना थरात घेऊ नये व उंची वीस फुटांपलीकडे जाऊ नये असा निर्णय दिला. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादा कायम केल्या. पुढे २०१७ साली उच्च न्यायालयाने चौदा वर्षांखालील मुले थरात असणार नाहीत हे शासनाचे आश्वासन नोंदवून घेतले आणि उंचीचा प्रश्न शासनावर सोपविला. २०२२ साली गोविंदाचा मृत्यू झाल्यास त्याच्या वारसांना दहा लाख रुपये देण्याची घोषणा राज्य शासनाने केली. हे सारे योग्यच आहे. वयाची अट पाळलीच पाहिजे, आणि चौदा वर्षांचे पोर सांगून अकरा वर्षांचे पोर वर चढविणारा मनुष्य शिक्षेस पात्र आहे. पण कायद्याला उंची मोजता येते आणि विम्याला नुकसान मोजता येते. थरात उभ्या असलेल्या मुलाच्या मनात त्या क्षणी काय चालले आहे हे मोजण्याचे काम मंडळाचे आहे, आणि ते कोणत्याही कचेरीकडे सोपविता येत नाही.

हे मला माझ्याच वर्गातल्या एका मुलाने शिकविले. तो दुसऱ्या एका पथकात पाचव्या थरावर असे. सराव चालू असताना तो पडला आणि डोक्याला मार बसला. उठला, हसला, घरी गेला. रात्री त्याला दोनदा ओकारी झाली. हे त्याने आईला सांगितले नाही, पथकातही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा थरात उभा राहिला आणि पुन्हा पडला. जीव वाचला, ही देवाची कृपा. परंतु पुढे कित्येक महिने त्याला पुस्तकाचे एक पान सलग वाचता येईना. ओळी हलतात म्हणे. उजेड सोसवेना, डोके ठणके. त्या वर्षाची परीक्षा गेली. हजेरी कमी भरल्याचा अर्ज घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला एवढेच विचारले, "अरे, पहिल्या दिवशीच का सांगितलं नाहीस?" त्याने खाली पाहून उत्तर दिले, "सर, एकदा खाली उतरलो असतो तर परत वर कोणी घेतलं नसतं."

या वाक्यात तरुण मंडळांच्या साऱ्या अपघातांचे मूळ आहे असे मला वाटते. त्या मुलाला डोक्याला मार लागणे म्हणजे काय हे कोणी शिकविले नव्हते, हे तर झालेच. पण ते शिकविले असते तरी त्याने लपविले असते, कारण त्याच्या पथकात उतरण्याची किंमत फार जबर होती. शिरस्त्राण, गादी, दोर, औषधांची पेटी ही सारी पाहिजेतच. तथापि ज्या मंडळात "आज मला नको" असे म्हणणाऱ्या मुलाला हसतात, त्या मंडळात ही सामग्री कपाटातच पडून राहते.

अभिमन्यूची गोष्ट आपण मुलांना शौर्याची म्हणून सांगतो. सोळा वर्षांचा तो मुलगा. चक्रव्यूह फोडून आत शिरण्याची विद्या त्याला ठाऊक होती, बाहेर पडण्याची नव्हती. ही गोष्ट त्याने लपविलेली नाही. वडीलधाऱ्यांसमोर त्याने ती स्पष्ट सांगितली होती. तू वाट कर, आम्ही तुझ्या पाठोपाठ आहोतच, असे त्यांनी त्याला आश्वासन दिले. आणि जयद्रथाने वाट अडविल्यावर ते बाहेरच राहिले. त्या कथेत माझे लक्ष आता अभिमन्यूकडे कमी जाते आणि धर्मराजाकडे अधिक जाते. त्याचा हेतू वाईट नव्हता. प्रसंग बिकट होता आणि मुलगा तयार होता. प्रत्येक मंडळाच्या कार्यकारिणीत असे धर्मराज बसलेले असतात, आणि त्यांच्यासमोर दरवर्षी एखादा अभिमन्यू उभा असतो. मला शिरता येते, निघता येत नाही, असे तो शब्दांनी नाही तरी डोळ्यांनी सांगत असतो. ते ऐकून घेणे हे सल्लागारांचे पहिले काम होय. पावतीपुस्तकावर शोभणे हे दुसरे.

आमच्या इतिहासानेही आम्हाला एका बाजूचा धडा अधिक दिला आहे. १६७० साली कोंढाण्यावर तानाजी पडल्यावर सूर्याजीने दोर कापून टाकले ही कथा मराठी मुलाच्या रक्तात आहे. 'परतीचे दोर कापणे' हा तर आपला वाक्प्रचारच झाला. ते युद्ध होते, रात्र होती आणि स्वराज्याचा गड होता. पटांगणातल्या सरावाला तो न्याय लावणे म्हणजे तानाजीचाच अपमान करणे आहे. त्याच इतिहासाच्या कुशीत रायगडची हिरकणीही आहे, हे आपण विसरतो. गडाचे दरवाजे मिटले, घरी तान्हे मूल होते, तेव्हा ती गवळण एकटी काळोखात कडा उतरून गेली अशी आख्यायिका आहे, आणि त्या ठिकाणच्या बुरुजाला तिचे नाव लाभले. गड चढून जाणाऱ्या वीरांच्या या देशात एक बुरूज उतरून गेलेल्या बाईच्या नावाचा आहे! तिच्या उतरण्याला कोणी भित्रेपणा म्हटले नाही. घरी कोणी वाट पाहत आहे एवढे भान तिला होते, आणि त्या भानाने तिला बळ दिले.

आमच्या मंडळाने गेल्या काही वर्षांत जे केले ते फार मोठे नाही, पण सांगण्याजोगे आहे. थर लावण्यापूर्वी वस्ताद प्रत्येक मुलाचे नाव घेऊन "आज?" एवढेच विचारतात. "हो" म्हणणारा पुढे येतो. "नको" म्हणणाऱ्याला कारण विचारावयाचे नाही असा नियम आहे. त्याच्या जागेसाठी दुसरा मुलगा आधीच तयार केलेला असतो, आणि तो तयार नसेल तर एक थर कमी लागतो. पहिल्या वर्षी हा नियम कागदावरच राहील असे मला वाटत होते. मग एका संध्याकाळी चौथ्या थरावरचा एक मुलगा म्हणाला, "वस्ताद, आज नको." कोणीतरी हसले. वस्तादांनी हसणाऱ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "नको म्हणायला तुझ्यापेक्षा जास्त छाती लागते. आज तू याच्या जागी थर मोजायला बस, आणि हा माझ्यापाशी उभा राहील." त्या मुलाला दोन दिवस ताप होता, हे मागाहून कळले. त्याची चौथ्या थरावरची जागा आठ दिवसांनी त्याला परत मिळाली, आणि हे सर्वांनी पाहिले. त्या दिवसापासून 'नको' हा शब्द आमच्या पटांगणात मोकळेपणाने वावरू लागला.

डोक्याच्या माराविषयी आता आमच्याकडे वाद होत नाही. ज्याच्या डोक्याला मार लागला तो त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही, मग तो शुद्ध हरपून पडलेला असो वा नसो. शुद्ध न हरपताही मेंदूला धक्का बसू शकतो, आणि तो सावरण्यापूर्वी दुसरा मार बसला तर परिणाम पहिल्यापेक्षा पुष्कळ भयंकर होतो. ओकारी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, वाढती डोकेदुखी यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालयात न्यावयाचे. डॉक्टरांनी होकार दिल्यावर हळूहळू सरावाला यावयाचे. उंचावरून पडलेल्याला चौघांनी हातपाय धरून उचलण्याची जी घाई होते ती सर्वांत घातक. मानेचा मणका दुखावला असेल तर त्या उचलण्यानेच जन्माचे अपंगत्व येते. डोके व मान आहे त्या स्थितीत दोन्ही हातांनी स्थिर धरावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सोय महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. श्वास व हालचाल थांबलेल्या मोठ्या माणसाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे दोन इंच दबेल असा दाब देत राहावयाचे, हेही आमच्या वीस-पंचवीस मुलांनी शिकून घेतले आहे.

गोपाळकाल्याच्या दिवसाची काळजी आदल्या रात्रीच घ्यावी लागते. अष्टमीचा उपास, मध्यरात्रीचा कृष्णजन्म, झोपेचा पत्ता नाही, आणि सकाळपासून ट्रकमधून गावभर भटकणे. अशा रिकाम्या पोटाने व जडावलेल्या डोळ्यांनी सहावी हंडी गाठावयाची म्हणजे संकटाला निमंत्रणच. भक्तीला धक्का न लावता उपास लवकर सोडणे, दर तासाला पाणी व मीठ-साखर पोटात जाणे आणि ठरल्या वेळी घरी परतणे, हे तीन नियम आम्ही ठेविले. टपावर बसावयाचे नाही, एका दुचाकीवर तिघे जावयाचे नाहीत, हा चौथा. थरावरून न पडलेली किती तरी मुले रस्त्यावर पडतात.

'चढणे' या शब्दाचा एक नवा अर्थ अलीकडे व्यायामशाळांत रूढ झाला आहे. दोन महिन्यांत अंग चढविणाऱ्या भुकट्या आणि सुया यांचा बाजार जोरात आहे. त्यांपैकी पुष्कळांत जी पुरुषी संप्रेरके असतात ती हृदय व यकृत बिघडवितात आणि तरुणाच्या प्रजननशक्तीवरच घाला घालतात. असे चढविलेले अंग उतरताना आपल्याबरोबर पुष्कळ काही घेऊन उतरते. तालमीतले दूध, भाकरी आणि झोप यांना जाहिरात नाही, एवढाच त्यांचा दोष.

आतापर्यंत मुलांच्या उतरण्याविषयी बोललो. मोठ्यांच्या उतरण्याविषयी बोलणे अधिक अवघड आहे. प्रत्येक मंडळात काही माणसे चौथऱ्यावर बसलेली असतात: वस्ताद, अध्यक्ष, देणगीदार, आणि आमच्यासारखे सर. मुले त्यांच्या पाया पडतात, त्यांचा शब्द मोडत नाहीत. ही श्रद्धा सुंदर आहे, आणि म्हणूनच ती वाईट माणसाच्या हाती लागली तर भयंकर आहे. ज्या मंडळात वरच्या माणसाला कोणी 'खाली उतरा' असे म्हणू शकत नाही तेथे लहान मूल सुरक्षित नाही, मग गाद्या कितीही जाड असोत. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा २०१२ साली झाला. असा अपराध घडल्याचे ज्याला कळले त्याने तो पोलिसांना कळविलाच पाहिजे, अशी सक्ती त्यात आहे. मंडळाची अब्रू हे गप्प बसण्याचे कारण होऊ शकत नाही. आमच्याकडे मालीश वा दुखापतीची तपासणी बंद दाराआड होत नाही, एकटा मोठा माणूस एकट्या मुलाला घेऊन मुक्कामी जात नाही, आणि आईबापांना केव्हाही पटांगणात येण्याची मुभा आहे. मुलांना मदत देणारा १०९८ हा क्रमांक फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. आमच्या वस्तादांना आरंभी हे थोडे लागले. मग त्यांनीच तो फलक आपल्या हाताने टांगला.

मनाच्या चढ-उतारांची गोष्ट शरीराच्या दुखापतीपेक्षा अधिक लपविली जाते. परीक्षेत नापास झालेला, नोकरी न मिळालेला, घरी रोज बोलणी खाणारा तरुण पटांगणात मात्र हसत जोर काढीत असतो. तो येईनासा झाला की वर्गणी थकली असे आपण समजतो. आमच्या मंडळात हल्ली चार दिवस न आलेल्याच्या घरी कोणीतरी जाऊन येतो. उपदेश करावयाला नाही, चहा प्यावयाला. एवढ्याने सारे सुटते असे नाही. कोणाला अधिक मदत हवी असेल तर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारी मानसोपचाराचे साहाय्य विनामूल्य मिळते, आणि तेथे मराठीतही बोलता येते.

हे वाचून काही पालकांना वाटेल की एवढ्या काळज्या घेण्यापेक्षा मुलाला मंडळात न पाठविणे सोपे. त्यांना माझे उत्तर असे की उतरण्याची विद्या जो चढतो त्यालाच शिकता येते. घरात खुर्चीला चिकटून आणि हातातल्या यंत्रात डोळे घालून वाढलेल्या मुलाला तोल, भय आणि दुसऱ्याच्या खांद्याचा भरवसा या गोष्टी कोठे भेटणार? २०१९ साली पंचगंगा आणि कृष्णा यांना पूर आला तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडची तालमींतली व तरुण मंडळांतली मुले पाण्यात उतरली आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना बाहेर काढू लागली. असे उतरणे ज्या मुलांना जमते ती पटांगणातच तयार होतात. मंडळे बंद करून आपण मुले वाचविणार नाही. मुलांनी एकमेकांना वाचवावे अशी मंडळे करणे हाच उपाय आहे.

म्हणून हंडी बांधणाऱ्या आणि बक्षिसे वाटणाऱ्या श्रीमंत मंडळींना माझी एक सूचना आहे. बक्षिसाचा हिशेब सलामीपाशी थांबवू नका. जे पथक थर लावून सगळे सुखरूप खाली उतरवील त्यालाच पुरे बक्षीस द्या, आणि जे एक थर कमी लावून नेटके उतरवील त्याचाही सन्मान करा. पैसा जिकडे वळतो तिकडे हौस वळते. एका हंगामात सारी पथके उतरण्याचा सराव करू लागतील. आणि ताशेवाल्यांना सांगा की शेवटच्या पोराचे पाय मातीला लागेपर्यंत थांबा, मग हवे तितके वाजवा.

गोपाळकाल्याच्या रात्री आमच्या गल्लीत किती थर लागले याची चर्चा चौकात चालते. जिन्यावर उभ्या असलेल्या आयांना त्या आकड्याशी काही कर्तव्य नसते. खालून पावलांचा आवाज आला की त्या एकमेकींना एकच प्रश्न विचारतात, "आला का ग?"